दतिया गेटची हाक

१

लाखेचं सील शाबूत होतं, कुलूप शाबूत होतं, आणि पेटी रिकामी होती.

सदर बाजारातल्या खानवलकर सभागृहात, सोमवारी सकाळी अकरा वाजता, देखरेख समितीच्या तीन सदस्यांसमोर ती उघडली गेली. आत असायला हवी होती शहराच्या आपत्काळ केंद्राची रेकॉर्डिंगची डिस्क. या केंद्राला सगळं गाव नुसतं ‘कंट्रोल’ म्हणतं. तिथल्या रेडिओवरून गेलेला प्रत्येक शब्द त्या डिस्कमध्ये उतरत असे. गुरुवारी दुपारी दतिया गेटच्या गल्लीत गाद्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या विमलाबाई धुरात गुदमरून गेल्या. मदतीसाठी फोन आला दोन सतराला. आगीचा बंब ठाण्यातून निघाला दोन एकेचाळीसला. मधली चोवीस मिनिटं कुठे गेली, एवढंच त्या डिस्कला विचारायचं होतं.

आता विचारायला पेटीत चार स्क्रू आणि मूठभर धूळ होती.

“झालं,” अध्यक्ष राजाभाऊ खानवलकर म्हणाले. “पोरीनं घोळही घातला आणि पुरावाही गायब केला.”

पोरगी म्हणजे अनुश्री भोईटे, त्या दुपारी कंट्रोलच्या रेडिओवर बसलेली. नवरा फौजेत, बबीन्याच्या छावणीत नायक. ती भिंतीलगतच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसली होती. खोलीतल्या एकाही माणसानं तिच्याकडे माणूस म्हणून पाहिलं नव्हतं. बाहेर दुकानदाराचे नातेवाईक फाटकाशी घोषणा देत होते आणि त्यांना तिचं नाव पाठ झालं होतं.

समितीच्या दुसऱ्या सदस्य शशिकला आठल्ये. रेल्वेच्या टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, जिभेला धार, गुडघ्यांना वात. त्यांना समितीवर आणलं राजाभाऊंनीच. ‘आपली शशी’ म्हणून ते चारचौघांत ओळख करून देत, आणि बाई एरवी कोणाचा मुलाहिजा ठेवत नसल्या तरी एवढं ऐकून घेत. झाशीतल्या मराठी घरांत राजाभाऊंचा शब्द खाली पडत नसे. कोणाची बदली, कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, सगळं त्यांच्या ओट्यावरून व्हायचं. अनुश्रीची नोकरीही तशीच झाली होती. तिसरे सदस्य सरकारी होते. ते सही करायला येत आणि सही होईपर्यंत डुलक्या घेत.

राजाभाऊंनी अहवाल आणलाच होता, टाइप करून. ऑपरेटर अनुश्री भोईटे यांनी संदेश दिलाच नाही, सबब हलगर्जीपणामुळे मृत्यू, पोलिसांत तक्रार करावी.

“ती म्हणते दिला,” शशिकलाबाई म्हणाल्या.

“म्हणणारच. सात-सात वेळा बोंबलली म्हणे, आणि शहरातल्या एकाही गाडीला ऐकू गेलं नाही? अहो, दूध पिणाऱ्या पोरालासुद्धा हे पटणार नाही.”

तेवढ्यात लाइट गेली. बाजारातून एकदम कुरकुर उठली, समोरच्या दुकानांचे जनरेटर धडधडू लागले. सरकारी सदस्य दचकून जागे झाले आणि गुरुवारीसुद्धा अशीच दुपारी दोनच्या पुढे पाऊण तास गेली होती म्हणाले. शशिकलाबाईंना ते चांगलं आठवत होतं. मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली होती आणि संध्याकाळपर्यंत आंबली होती. इथे मात्र डोक्यावरचा पंखा तसाच फिरत होता, त्या उकाड्यात बरं वाटलं.

त्यांनी टाइप केलेला कागद परत सरकवला. डिस्क गेली कशी हे कळल्याशिवाय सही करणार नाही, उद्या पाचपर्यंत वेळ द्या, असं त्यांनी सांगितलं. राजाभाऊंचा चेहरा उतरला आणि लगेच पूर्ववत झाला.

“घे बाई. पण उद्या पाच म्हणजे पाच. साडेपाचला ठाणेदार येतोय तिला न्यायला.”

२

अनुश्रीनं दार उघडलं ते अर्धंच.

“सही मागायला आलात का काकू? जे लिहिलंय त्यावर सही करते. संपवा एकदाचं.”

शशिकलाबाई दार ढकलून आत गेल्या आणि न सांगता खुर्चीवर बसल्या. मला तुझी कीव आलेली नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मला फक्त चोवीस मिनिटांचा हिशोब हवाय, रडायचं असेल तर ते नंतर.

या तुसडेपणाचाच उपयोग झाला. चार दिवस जो तो एक तर शिव्या देत होता नाही तर कुजबुजत होता; सरळ प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. अनुश्री बोलू लागली. फोन विमलाबाईंनी स्वतः केला होता. आधी हिंदीत बोलत होत्या, मग हिचा हेल ऐकून विचारलं, मराठी का गं तू? आणि मग म्हातारी मराठीतच बोलत राहिली. जिना धुरानं भरलाय, काय करू. अनुश्रीनं सांगितलं, गाडी निघालीय, जिन्यात जाऊ नका, गॅलरीच्या दाराशी बसा. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात रेडिओचं बटण.

“मी गाडी निघालीय म्हणाले काकू. ती निघालीच नव्हती. त्या माझ्यावर भरवसा ठेवून बसून राहिल्या.”

शशिकलाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना पाणी हवं होतं, पण मागितलं नाही.

मोबाइलवरून का नाही केलास, हा पुढचा प्रश्न. कारण मोबाइल बाहेर जमा करायचा असा नियम होता, आणि तो पाळणारी ती एकटीच होती. टेबलावरचा फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी, त्यावर विमलाबाई. शेवटी त्यांचा आवाज थांबला, तेव्हा ती खुर्ची सोडून उपाहारगृहाकडे धावली. शिफ्टचे प्रमुख देवेंद्र अरजरिया तिथे बसले होते. त्यांनी आपल्या मोबाइलवरून बंबाच्या ड्रायव्हरला लावला. तेव्हा दोन चाळीस झाले होते.

“रेडिओवर किती वेळा हाक मारलीस?”

“मोजलं नाही. तेच लिहून दिलंय जबाबात. पुन्हा पुन्हा मारली.”

“सेट चालू होता?”

“हिरवा दिवा होता.” ती थांबली. “पण एक गोष्ट आहे. रोज बटण सोडलं की सेटमधून टक्क असा आवाज यायचा. त्या दिवशी आलाच नाही. एकदाही नाही.”

शशिकलाबाईंच्या हातातली पिशवी खाली ठेवायची राहून गेली. तो टक्क आवाज सेटचा नसतो. तो टेकडीवरच्या टॉवरचा असतो, जो हाक पुढे सगळ्या गाड्यांना पोचवतो.

३

देवेंद्र अरजरियांनी त्यांना बसा म्हटलं नाही. रजिस्टर टेबलावर आपटलं आणि हात छातीशी बांधून उभे राहिले. राजाभाऊंचा फोन येऊन गेला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच होतं.

“देख लीजिए मैडम। टॉवर बंद नहीं था। हर आधे घंटे पर हाजिरी होती है, सब गाड़ियाँ बोलती हैं।”

रजिस्टरात तसंच होतं. दोन वाजता सगळ्या गाड्या हाजिर, अडीचला हाजिर, तीनला हाजिर. नऊ गाड्या, नऊ खुणा. अडीच म्हणजे बरोबर त्या चोवीस मिनिटांच्या मधोमध. अडीचला नऊ गाड्या रेडिओवर बोलल्या असतील, तर टॉवर जिवंत होता, आणि मग अनुश्री खोटारडी होती. त्यात पळवाट नव्हती.

तीन वाजता त्यांनी स्वतः सेटवर बसून सगळ्या गाड्यांना हाका मारून पाहिलं होतं, असंही ते म्हणाले. सगळ्यांनी जवाब दिला. लड़की सो गई थी या घबरा गई थी, और क्या. हे बोलताना त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी फाइलचं तिसरं पान काढून बाईंच्या नाकासमोर धरलं. त्यांचाच अर्ज, गुरुवार, दुपारी साडेतीन: आज ही सब के सामने रिकॉर्डिंग सुनी जाए.

“मैं क्यों छिपाऊँगा? मैंने ही माँगी थी।”

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. डिस्कच्या कपाटाच्या किल्ल्या दोन, एक देवेंद्रांकडे. पण ज्याला डिस्क पळवायची आहे तो ती सगळ्यांना ऐकवा म्हणून साडेतीनला लेखी अर्ज देत नाही. माणूस उर्मट होता, पण त्याची खरंच खात्री होती. अनुश्रीला साडेतीनलाच घरी पाठवलं होतं आणि तिच्याकडे किल्ली नव्हती. कपाटातली ती पेटी सीलबंद झाली शुक्रवारी सकाळी, देवेंद्रांच्याच हातानं, आत न बघता. कपाट कोणी उघडलं असेल तर गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी संध्याकाळी कोण आलं होतं, असं त्यांनी विचारलं. देवेंद्र म्हणाले, कोण येणार, पोलीस, पत्रकार, समितीचे अध्यक्ष, अर्धं शहर.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले. रेडिओवर कोणी चकार शब्द बोललं नाही. देवेंद्रांच्या खिशात मात्र मोबाइल थरथरला, मग पुन्हा, मग पुन्हा. बाईंनी मोजलं. नऊ वेळा. देवेंद्रांनी नजर न उचलता पेन काढलं आणि रजिस्टरात नऊ खुणा केल्या.

“दाखवा बघू तो फोन,” शशिकलाबाई मराठीतच म्हणाल्या, आणि त्यांना ते बरोबर समजलं.

कंट्रोल हाजिरी नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. साडेचार, नऊ ड्रायव्हर, नऊ वर केलेले अंगठे. वर सरकवत गेलं की गुरुवार, अडीच वाजता, तेच नऊ अंगठे. सहा महिन्यांपासून हजेरी अशीच होत होती. रेडिओवर नावं पुकारत बसायचा सगळ्यांनाच कंटाळा, आणि मोबाइल काय, प्रत्येकाच्या हातात होताच. अडीचच्या त्या नऊ खुणांनी टॉवर जिवंत होता हे कुठेच ठरत नव्हतं. गुरुवारी टॉवर मेला होता की नव्हता, हे त्या केंद्रात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण रेडिओवर बोलणारी तिथे एकच व्यक्ती होती.

“अनुश्री या ग्रुपमध्ये आहे?”

देवेंद्र पहिल्यांदाच अडखळले.

“नई है। जोड़ना रह गया।”

४

टॉवर टेकडीवर, आणि त्याची किल्ली मेकॅनिक जगन्नाथ कुशवाहांकडे. हा माणूस लेखी हुकमाशिवाय स्क्रूसुद्धा फिरवत नाही अशी त्याची ख्याती होती. बुधवारपासून रविवारपर्यंत तो भाचीच्या लग्नाला मऊरानीपूरला होता, तेव्हा डिस्क त्यानं नेली नव्हती एवढं नक्की. मंगळवारी सकाळी बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो दाढी करत होता आणि आरशातूनच बोलला.

“लिखकर दीजिए।”

बाईंनी पिशवीतून वही काढली, लिहून दिलं, सही केली. जगन्नाथनं कागद उलटसुलट पाहिला आणि साबण पुसायला आत गेला.

टेकडीची वाट दगडी होती, ऊन डोक्यात जात होतं, आणि गुडघे प्रत्येक पायरीला जाब विचारत होते. जगन्नाथ पुढे चालत होता आणि एकदाही मागे वळून हात देत नव्हता. शशिकलाबाईंनी तो मागितलाही नाही. वरच्या खोलीत टॉवरचं यंत्र गुणगुणत होतं, दिवे लागलेले, सगळं ठीक. बिजली असली की हे चालतं. आणि बिजली गेली की?

“बैटरी पर। आठ घंटे।”

“दाखव.”

जगन्नाथ बाजूला झाला. भिंतीलगत सिमेंटचा कट्टा होता. त्यावर बोटभर धूळ, आणि धुळीत आठ चौकोन. चौकोनांतही धूळ होती, पण पातळ. भिंतीवर प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं आकडे रंगवलेले, पाच ते बारा. बॅटरी एकही नव्हती.

म्हणजे असं होतं. गुरुवारी दोनच्या पुढे लाइट गेली आणि टॉवर जागच्या जागी मेला. कंट्रोलमध्ये स्वतःचा इन्व्हर्टर, म्हणून तिथे हिरवा दिवा लागलेला. अनुश्री हाका मारत राहिली आणि त्या तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे गेल्याच नाहीत. तीनच्या आधी लाइट आली, टॉवर उठला, देवेंद्रांच्या हाकेला सगळ्यांनी जवाब दिला. पोरगी खोटी ठरायला एवढं पुरलं.

“कोणी नेल्या?”

दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेलं तपासणीचं कार्ड जगन्नाथनं काढून त्यांच्या हातात दिलं. दर तीन महिन्यांनी समितीनं टेकडीवर येऊन तपासणी करायची, असा नियम. शेवटची नोंद एप्रिलची: टॉवर चालू, बॅटऱ्या आठ, सुस्थितीत. खाली सह्या.

शशिकलाबाईंना ती दुपार आठवली. त्यांच्याच घरी, कॉफी पिता पिता. टेकडी चढून गुडघे कशाला दुखवतेस शशी, मी जाऊन आलोय, असं राजाभाऊ म्हणाले होते, आणि कार्ड पुढे केलं होतं.

कार्डावरची दुसरी सही त्यांची स्वतःची होती.

५

शशिकलाबाई टेकडी उतरू लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, ताशेरे मारले, आणि बॅटरीची खोली न बघता सही ठोकली. त्यांना स्वतःचा एवढा संताप कधीच आला नव्हता. विमलाबाईंच्या मरणात आपलाही हात आहे, हे त्यांनी मनातल्या मनात तसंच, त्याच शब्दांत म्हटलं.

पायथ्याशी जगन्नाथ थांबला. नेणाऱ्याची चिठ्ठी आपल्याकडे आहे, असं त्यानं सांगितलं. आपण चिठ्ठीशिवाय काही देत नाही. पण आजवर ती कोणाला दाखवली नाही, कारण दाखवली की नोकरी माझी जाणार, साहेब लोक तसेच राहणार.

“आप भी साहब लोग में हैं। पहले अपना नाम लिखिए रिपोर्ट में। फिर पर्ची लीजिए।”

“पाच वाजता ये हॉलवर,” बाई म्हणाल्या.

घरी राजाभाऊ वाट पाहत बसले होते. टेकडीवर कोण गेलं, हे त्यांना कळायला टेलिफोन लागत नसे. ते रागावले नाहीत, उलट मवाळ बोलले, आणि म्हणूनच बाईंना त्यांची प्रथमच भीती वाटली.

“शशी, बॅटऱ्या इकडच्या तिकडे होतातच. आणतो परत. पण ते कार्ड बाहेर आलं तर तुझं पेन्शन, तुझं नाव, सगळं चव्हाट्यावर. आणि आपली माणसं काय म्हणतील? भोईटे फौजी आहे, दोन वर्षांनी बदलून जाईल. आपल्याला इथेच राहायचंय.”

“अनुश्री आपली नाही?”

“बिलकुल आहे. तिला जामीन मीच देणार आहे.”

ते गेले तेव्हा एक वाजला होता. बाई तडक अनुश्रीकडे गेल्या. अजून एक गाठ सुटत नव्हती. बॅटऱ्या गेल्या हे सिद्ध होईल, पण डिस्क? ती कोणी नेली याचा दाखला कुठे होता? त्यांनी अनुश्रीला टेबलाशी बसवलं, एका हातात तिचा मोबाइल दिला, दुसऱ्यात टीव्हीचा रिमोट. त्या दिवशी केलंस तसं कर. आठवू नकोस, नुसतं कर.

अनुश्रीनं डोळे मिटले. अंगठा बटणावर गेला. शिकवल्याप्रमाणेच ती करत गेली: बंबाला, म्हणजे ‘दमकल एक’ला, तीन हाका, मग जवाबाची वाट बघत थांबायचं. पुन्हा बंबाला तीन. मग थांबायचं. मग शेवटची, सब स्टेशन, म्हणजे जो ऐकेल त्यानं धावावं म्हणून. तिचा आवाज शेवटी फाटला.

शशिकलाबाई बोटांवर मोजत होत्या. तीन, तीन आणि एक.

अनुश्रीनं मोजलं नव्हतं. जबाबात आकडा नव्हता. कोणत्याच कागदात आकडा नव्हता.

६

पाच वाजता खानवलकर सभागृहात सगळे जमले. राजाभाऊ, सरकारी सदस्य, देवेंद्र, दाराशी जगन्नाथ, बाकावर अनुश्री. ठाणेदारसाहेब अर्धा तास आधीच आले होते. राजाभाऊंनी अहवाल आणि पेन पुढे केलं.

शशिकलाबाईंनी पेन घेतलं नाही. त्यांनी चौकीदाराला बोलावून हॉलचा मेन स्विच बंद करायला सांगितलं. तो राजाभाऊंकडे पाहू लागला. ठाणेदारांनी मान हलवली, तेव्हा त्यानं खटका ओढला.

पंखा फिरतच राहिला.

“इन्व्हर्टर आहे,” राजाभाऊ म्हणाले. “त्यात काय?”

“इन्व्हर्टर तुमचा. बॅटऱ्या कोणाच्या?”

कोणी काही बोलायच्या आत त्या जिन्याखालच्या खोलीकडे चालू लागल्या. आत फळीवर आठ बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. समोरून कोऱ्या. बाईंनी देवेंद्रांना पहिली वळवायला लावली. भिंतीकडच्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं पाच लिहिलं होतं. मग सहा, मग सात. बारापर्यंत वळवायची गरज पडली नाही. देवेंद्रांचा चेहरा पांढराफटक झाला होता. सहा महिन्यांचे अंगठे त्यांना आता आठवत असावेत.

वर आल्यावर बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि उभ्या उभ्या एक ओळ लिहिली, बॅटऱ्या न बघता कार्डावर केलेल्या आपल्या सहीची कबुली. ती जगन्नाथला वाचायला दिली. त्यानं सावकाश वाचली, मग खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. जानेवारीची तारीख, राजाभाऊंचं अक्षर: मुलीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस आठ बॅटऱ्या पाठवणे, परत करतो.

“कश्मिराचा साखरपुडा होता,” राजाभाऊ पुटपुटले. “पाहुणे नागपूरहून आले होते. ऐन कार्यात लाइट जायची. मग राहूनच गेल्या. कोणाला अडल्यासुद्धा नाहीत सहा महिने.”

“गुरुवारी अडल्या.”

राजाभाऊंनी मान वर केली, आणि आवाजात पुन्हा तो अध्यक्षांचा ताठा आला. बॅटऱ्यांची चूक कबूल. पण संदेश दिला हे कशावरून? डिस्क त्या पोरीनंच नेली, हा आरोप तसाच उभा आहे.

“डिस्क कोणाला नकोशी होती?” शशिकलाबाईंनी विचारलं. “पोरीनं हाक मारली नसती, तर त्या डिस्कनं तिलाच पकडून दिलं असतं. तुम्ही ती छातीशी धरून पोलिसांकडे गेला असतात. नाहीशी झाली, कारण तिच्यात हाका होत्या, आणि हाकांमागे टॉवरचा टक्क आवाज नव्हता. जगन्नाथ मऊरानीपूरला होता. देवेंद्रांनी ती ऐकवा म्हणून अर्ज दिला. अनुश्रीकडे किल्ली नव्हती. दुसरी किल्ली अध्यक्षांकडे असते, आणि गुरुवारी संध्याकाळी तुम्ही तिथे होतात.”

“मी सांत्वनाला गेलो होतो.”

“आणि काल सकाळी इथेच म्हणालात, सात-सात वेळा बोंबलली म्हणे. कोण म्हणालं सात? तिनं मोजलं नव्हतं. आज मी तिच्याकडून करून घेतलं तेव्हा तिला स्वतःला कळलं. तुम्हाला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही राजाभाऊ, तीन-तीन-एकचा नियम तुम्हाला माहीत नाही. सात हा आकडा फक्त त्या डिस्कमध्ये होता.”

राजाभाऊंनी सरकारी सदस्यांकडे पाहिलं. ते पूर्ण जागे होते. मग ठाणेदारांकडे, मग बाहेर, जिथे घोषणा थांबल्या होत्या कारण फाटकातले लोक आत येऊन खिडक्यांशी उभे राहिले होते.

“घरी नेऊन ऐकली एकदा,” ते अगदी हळू म्हणाले. “वाटलं, काही नसेलच. मग पुन्हा ऐकवेना. बेतवा नदीच्या पुलावरून टाकली.”

ठाणेदार उठले. शशिकलाबाईंनी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, आणि जगन्नाथला खाली पाठवलं. बॅटऱ्यांची तार सुटली. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. बंद खोलीत उकाडा लगेच अंगावर आला, सगळ्यांच्या कपाळावर घाम फुटला, पण बाईंनी कोणालाही उठू दिलं नाही.

“अनुश्री,” त्या म्हणाल्या, “डिस्क नाही. तूच ऐकव.”

अनुश्री उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं, तरी अंगठा दाबलेला होता.

“कंट्रोल से दमकल एक। दतिया गेट, गादीवाली गली, ऊपर एक माताजी हैं। जवाब दो।”

तिनं तीन हाका मारल्या, थांबली. पुन्हा तीन मारल्या. थांबण्याचा तो वेळ कोणाला संपता संपेना. खिडकीतल्या बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. देवेंद्रांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. राजाभाऊ मान खाली घालून बसले होते, आणि सातवी हाक यायच्या आधीच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“सब स्टेशन, सब स्टेशन। कोई भी सुन रहा हो तो दतिया गेट पहुँचो।”

हाक संपली तेव्हा अनुश्री खाली बसली. शशिकलाबाईंनी तोच कागद पुढे ओढला आणि तिच्याकडे न बघता, कारण बघितलं असतं तर पुढे लिहिता आलं नसतं, जगन्नाथला दाखवलेल्या ओळीच्या खाली लिहायला सुरुवात केली. जबाबदार व्यक्ती, या मथळ्याखाली पहिलं नाव राजाभाऊ खानवलकरांचं होतं. दुसरं त्यांचं स्वतःचं होतं. तिसरं त्यांनी देवेंद्रांचं लिहिलं, आणि कागद ठाणेदारांच्या हातात दिला.